कांजण्यांची वाट पाहू नये

‘कांजण्या लहानपणी होऊन गेलेल्या बऱ्या’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहज म्हटले जाते की त्यावर कुणी वाद घालत नाही. आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, आणि सव्वा वर्षाच्या बाळाला कडेवर घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलेले आईवडीलही मनातून तेच म्हणत असतात. लसीकरणाच्या कार्डावरच्या बऱ्याचशा लशी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, कांजण्यांची मात्र मिळत नाही. खासगी दवाखान्यात एका डोसला दोन हजारांच्या आसपास पैसे पडतात, आणि डोस दोन घ्यायचे. मग साहजिकच प्रश्न येतो, की जो आजार आम्हाला झाला, आमच्या भावंडांना झाला आणि आठ-दहा दिवसांत गेलाही, त्याच्यासाठी चार हजार रुपये आणि दोन सुया कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या पालकांना अडाणी ठरवून चालणार नाही. कारण आजीच्या वाक्यातले निरीक्षण खरे आहे. कांजण्या मुलांना सहसा हलक्या जातात, मोठ्यांना जड जातात. लस येण्याआधीच्या अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर १ ते १४ वर्षांच्या मुलांत लाख रुग्णांमागे साधारण एक मृत्यू होई. तिशी-चाळिशीतल्या रुग्णांत हेच प्रमाण लाखामागे २५ च्या घरात होते. तेव्हा ‘व्हायच्याच असतील तर लहानपणी होऊ देत’ इथपर्यंत आजीचे बरोबर आहे. पण त्या लहानपणी होतीलच याची आपल्या हवामानात खात्री देता येत नाही, आणि झाल्याच तर आपल्या मुलापाशी थांबतील याचीही नाही. लशीचा निर्णय घेताना माझ्या मते या दोन गोष्टींचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा, आणि आपल्याकडे नेमका तोच होत नाही.

आधी आजाराबद्दल थोडे. कांजण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला-झोस्टर, श्वासावाटे आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतो. अंगावर पहिली पुटकुळी दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल तो पसरवू लागते. त्यामुळे घरच्यांना काही कळायच्या आत बालवाडीतली सगळी मुले त्याच्या संपर्कात येऊन गेलेली असतात. घरात एकाला झाल्या, की ज्यांना त्या आधी झालेल्या नाहीत अशा दहापैकी नऊ जणांना त्या होतात. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला १० ते २१ दिवस जातात, बहुतेक वेळा दोन आठवडे. ताप येतो, मूल मलूल होते, खाणे टाळते, आणि छातीपोटावर, पाठीवर, चेहऱ्यावर लाल ठिपके उमटतात. काही तासांत त्यांचे पाणी भरलेले फोड होतात, मग खपल्या धरतात, आणि तोवर दुसरीकडे नवे ठिपके उठलेले असतात. ठिपके, फोड आणि खपल्या एकाच वेळी अंगावर दिसणे ही या आजाराची खूण. देवीच्या रोगात शरीराच्या एका भागावरचे सगळे फोड एकाच अवस्थेत असत. १९७० च्या दशकात देवी निर्मूलनाच्या मोहिमेतले कर्मचारी गावोगाव हाच फरक पाहून कांजण्यांचे रुग्ण वेगळे काढत. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर साधारण २५० ते ५०० फोड येतात. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत मूल दुसऱ्याला आजार देऊ शकते, म्हणून शाळा आठवडाभर तरी बुडते, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचे कामही. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात हा खर्च लशीच्या किमतीशी ताडून पाहण्यासारखा असतो.

बहुतेक मुले यातून नीट बाहेर पडतात. ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास बहुधा खाजवण्यातून सुरू होतो. फुटलेल्या फोडांतून स्ट्रेप्टोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आत शिरतात, जागा सुजते, पू होतो, आणि क्वचित संसर्ग खोल ऊतींत किंवा रक्तात पोचतो. काही मुलांना न्यूमोनिया होतो. सुमारे चार हजारांत एखाद्या मुलाच्या लहान मेंदूवर परिणाम होऊन त्याचा तोल जाऊ लागतो. हे बहुतेक वेळा आपोआप बरे होते, पण दारूच्या नशेत असल्यासारखे झोकांड्या खाणारे मूल पाहणे आईबापांना सोपे नसते. मेंदूला सूज येण्याचे प्रमाण त्याहून कमी आहे आणि परिणाम त्याहून वाईट.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरल्याने नुकसान काही नाही. आंघोळ बंद करण्याने मात्र होते. कोमट पाण्याची आंघोळ, हलक्या हाताने टिपलेले अंग, कापलेली नखे आणि स्वच्छ सुती कपडे यांनीच जिवाणूंचा संसर्ग टळतो. तापाला पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदू यांना घातक असलेला रेय सिंड्रोम होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळावे, कारण कांजण्यांत ते दिलेल्या मुलांत त्वचेखालचे गंभीर संसर्ग अधिक आढळले आहेत. आणि एकाला झाल्या म्हणून दुसऱ्याला मुद्दाम त्याच्या शेजारी झोपवायचे, ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणून, हे तर करूच नये. घरात पहिल्या मुलापाठोपाठ आजारी पडणाऱ्या दुसऱ्या मुलाला पहिल्यापेक्षा जास्त फोड येतात असे दिसून आले आहे. सतत जवळ राहिल्याने त्याच्या शरीरात विषाणू मोठ्या प्रमाणात जातो, हे त्याचे संभाव्य कारण.

आता आपल्या हवामानाकडे येऊ. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत लशीच्या आधीच्या काळात जवळपास प्रत्येक मुलाला दहा-बारा वर्षांचे होईतो कांजण्या होऊन गेलेल्या असत. उष्ण कटिबंधातले चित्र वेगळे आहे. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया इथे कांजण्या न झालेले तरुण बरेच सापडतात आणि आजार उशिराच्या वयात अधिक दिसतो. उष्णतेत आणि दमट हवेत विषाणू फार टिकत नाही, विखुरलेल्या वस्तीत तो सगळ्यांपर्यंत पोचत नाही, अशी कारणे दिली जातात. कारण कोणतेही असो, परिणाम आपल्या ओळखीचा आहे. गावात वाढलेला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी शहरातल्या वसतिगृहात येते आणि एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, नेमकी परीक्षेच्या तोंडावर, कांजण्यांनी अंथरुण धरते. आपल्याकडे साथ बहुधा हिवाळा सरताना, होळीच्या आगेमागे असते आणि परीक्षाही तेव्हाच. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची गोष्ट आणखी अवघड, कारण त्यांच्याकडून आजार वॉर्डातल्या रुग्णांपर्यंत जाऊ शकतो. ‘लहानपणी होऊन जातील’ म्हणून वाट पाहणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे, की वाट पाहण्यात मूल मोठे होत असते आणि वयाबरोबर धोकाही.

दुसरी गोष्ट गरोदर बाईची. तिला आधी कांजण्या झालेल्या नसतील आणि गरोदरपणात झाल्या, तर तिला स्वतःला न्यूमोनियाचा धोका असतोच, शिवाय पहिल्या २० आठवड्यांत गर्भालाही इजा होऊ शकते. हातपाय आखूड राहणे, त्वचेवर खोल व्रण, डोळे आणि मेंदू यांची अपुरी वाढ असे दोष दिसतात. हे क्वचित घडते, १३ ते २० आठवड्यांच्या दरम्यान संसर्ग झाल्यास सुमारे दोन टक्के, त्याआधी त्याहून कमी. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईच्या अंगावर पुरळ उठला तर धोका खरोखर मोठा. आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो, आणि उपचार नव्हते त्या काळात अशा नवजात बाळांतली ३० टक्क्यांपर्यंत दगावत. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणारे मूल, अवयव-प्रत्यारोपण झालेला रुग्ण यांनाही कांजण्या जिवावर बेतू शकतात, आणि त्यांना ही लस सहसा देता येत नाही. अशा माणसांना कांजण्या कुठून होतात? बहुतेक वेळा एखाद्या धडधाकट, खेळत्या लहान मुलाकडून. ज्या मुलाला त्या ‘हलक्या’ गेल्या, त्याच्याकडूनच.

या लशीची सुरुवातही एका मुलाच्या हलक्या न गेलेल्या कांजण्यांतून झाली. जपानी विषाणुतज्ज्ञ मिचिआकी ताकाहाशी १९६४ साली अमेरिकेत ह्यूस्टनला संशोधन करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला त्या झाल्या. ताप चढला, अंग फोडांनी भरले, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. मूल बरे झाले, पण विषाणूंचा अभ्यास हेच ज्यांचे काम त्या बापाच्या मनातून ते दिवस गेले नाहीत. ओसाका विद्यापीठात परतल्यावर त्यांनी तीन वर्षांच्या एका आजारी मुलाच्या फोडांतून विषाणू मिळवला, आधी मानवी आणि मग गिनीपिगच्या पेशींत तो पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. त्या मुलाच्या आडनावावरून हा वाण ओका म्हणून ओळखला जातो. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ताकाहाशींनी प्रसिद्ध केले, की रुग्णालयाच्या बालविभागात कांजण्या शिरल्यावर ही लस देऊन साथ रोखता आली. आज जगात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कांजण्यांच्या लशी याच वाणापासून बनतात.

अमेरिकेने १९९५ साली ही लस मान्य केली. त्याआधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजण्या होत, दहा हजारांहून अधिक जण रुग्णालयात जात आणि १०० ते १५० दगावत. लस आल्यावर आजार झपाट्याने घटला. पण एका डोसनंतरही शाळांतून छोट्या साथी येत राहिल्या, म्हणून २००६ मध्ये दुसरा डोस जोडला गेला. आज तिथले रुग्ण पूर्वीपेक्षा ९७ टक्क्यांहून अधिक घटले आहेत. या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक वर्षाखालच्या बाळांचा. त्यांना ही लस देतच नाहीत, तरी १९९५ ते २००८ या काळात त्यांच्यातल्या कांजण्या सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाल्या. मोठ्या भावंडांनी घेतलेल्या सुईने पाळण्यातली बाळे वाचली.

मग ब्रिटनसारख्या देशाने ही लस इतकी वर्षे का टाळली, असे वाचणारे पालक विचारतात, आणि हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्याच्या मुळाशी नागीण आहे. कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळांशी दडून राहतो आणि उतारवयात, प्रतिकारशक्ती मंदावली की, नागीण होऊन एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो. हा संबंध नीट मांडला तो सायरेन्सेस्टर या इंग्लिश गावातल्या एडगर होप-सिम्पसन या साध्या कुटुंबवैद्याने, १९६५ साली, आपल्याच रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून. वडीलधाऱ्यांचा अधूनमधून कांजण्या झालेल्या मुलांशी संबंध आला तर त्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहत असावी, असाही त्याचा अंदाज होता. त्यावरून पुढे भीती निर्माण झाली, की मुलांच्या कांजण्या थांबवल्या तर आजीआजोबांची नागीण वाढेल. अमेरिकेत नागीण वाढली हे खरे, पण ती वाढ लस येण्याच्या आधीपासून चालू होती आणि लस न देणाऱ्या देशांतही दिसली. लशीमुळे नागिणीची मोठी लाट येईल ही भीती प्रत्यक्षात उतरली नाही. उलट लस घेतलेल्या मुलांत नागिणीचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जवळपास ८० टक्के कमी आढळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या लसीकरण समितीने आपले मत बदलले, आणि जानेवारी २०२६ पासून १२ व्या आणि १८ व्या महिन्याला गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या सोबत कांजण्यांची लसही सरकारी खर्चाने देण्याचे ठरले. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आता त्यासाठी पदरचे पैसे मोजायला नकोत. अमेरिकेला मुलांसह जाणाऱ्यांना तर शाळाप्रवेशासाठी या लशीचा किंवा कांजण्या होऊन गेल्याचा पुरावा मागितला जातो.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. याचा अर्थ ती निरुपयोगी ठरली आहे असा काढणे चूक. सरकारला मर्यादित पैशांत आधी मुले मारणारे आजार हाताळावे लागतात, आणि गोवर तसा आजार आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांतून गोवराने मुले दगावली हे आपण पाहिले. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितले आहे, की ८० टक्के मुलांपर्यंत पोचून ते प्रमाण टिकवता येणार असेल तरच देशांनी ही लस कार्यक्रमात घ्यावी. अर्धवट लसीकरणात विषाणू नाहीसा होत नाही, फक्त मंदावतो. मग लस न घेतलेल्या मुलाची त्याच्याशी गाठ पडायला उशीर होतो आणि ती पडते ती मोठ्या वयात.

हा इशारा सरकारांसाठी आहे, पण तो वाचून मला आपल्या शहरांतल्या पालकांची काळजी वाटते. कारण पैसे देऊ शकणाऱ्या घरांतली अनेक मुले ही लस घेतात, बाकीची घेत नाहीत, म्हणजे नको ती मधली अवस्था आपोआप तयार होते. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत किंवा शाळेत निम्म्या मुलांनी लस घेतली असेल, तर उरलेल्या निम्म्यांना लहानपणी कांजण्या होण्याची शक्यता त्यांच्या आईवडिलांच्या पिढीपेक्षा कमी. आजी लहान होती तेव्हा ‘वाट पाहा’ हा सल्ला बऱ्यापैकी खरा ठरत असेल. भोवतालची मुले लस घेऊ लागली की तो सल्ला दरवर्षी अधिक कच्चा होत जातो. म्हणून ज्यांना परवडते त्यांनी ही लस द्यावी, आणि दोन्ही डोस पुरे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परवडत नसेल तर? तर आधी सरकारी कार्यक्रमातल्या सगळ्या लशी वेळेवर घ्याव्यात. गोवर-रुबेला, पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल, रोटाव्हायरस यांपैकी एकही या लशीसाठी मागे पडता कामा नये. नंतर हातात एकाच डोसचे पैसे असतील तर एकच घ्यावा. तोही वाया जात नाही. एका डोसने कांजण्या टळण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के आहे आणि गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण त्याहून बरेच जास्त, जवळजवळ पूर्ण. दोन डोसांनी पहिला आकडा ९० च्या वर जातो. लस घेऊनही कांजण्या झाल्याच तर बहुधा पन्नासहून कमी फोड, ताप नाही किंवा थोडाच, आणि चार-पाच दिवसांत मूल खेळायला मोकळे. दुसऱ्या डोसला घाई नसते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात पहिला डोस १५ महिन्यांनंतर आणि दुसरा त्यानंतर तीन ते सहा महिन्यांनी आहे, पण तो चार ते सहा वर्षांच्या दरम्यानही चालतो. तोवर पैसे साठवता येतात.

लशीचे दुष्परिणाम साधे आहेत. पाचांतल्या एखाद्या मुलाचा दंड दुखतो किंवा सुजतो, काहींना ताप येतो, थोड्यांना दोन-चार पुटकुळ्या उठतात. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजण्या या चार आजारांची एकत्र लस पहिल्या डोसला दिली तर तापातल्या झटक्यांचे प्रमाण किंचित वाढते, सुमारे अडीच हजार मुलांमागे एक जास्तीचा झटका. घरात झटक्यांचा इतिहास असेल तर पहिल्या वेळी सुया वेगळ्या मागाव्यात. लस जिवंत विषाणूची असल्याने प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या, स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असलेल्या किंवा जिलेटिन अथवा निओमायसिनची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ती देत नाहीत. घरात गरोदर बाई आहे म्हणून मुलाची लस पुढे ढकलायचे मात्र कारण नाही. लस घेतलेल्या मुलाकडून विषाणू दुसऱ्याला जाण्याच्या घटना जगभरात मोजक्याच नोंदल्या आहेत, आणि त्या बाईचे खरे रक्षण लस घेतलेल्या मुलामुळेच होते.

राहिला प्रश्न उशीर झालेल्यांचा. तेरा वर्षांपुढे कांजण्याही झालेल्या नाहीत आणि लसही नाही, अशा मुलामुलींना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यावेत. वसतिगृहात किंवा नर्सिंगला जाण्याआधी हे व्हावे. बाईने लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी. घरात एकाला पुरळ उठला आणि धाकट्याला लस दिलेली नसेल, तर संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत दिलेली लसही बऱ्याचदा आजार टाळते किंवा सौम्य करते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि कांजण्या कधीच न झालेली गरोदर बाई अशा मुलाच्या सहवासात आली असेल, तर पुरळ उठायची वाट न पाहता तिने आपल्या डॉक्टरांना कळवावे. रक्ताच्या तपासणीतून तिला प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळते, आणि नसेल तर संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, जितक्या लवकर देता येईल तितक्या लवकर, तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देता येते.